तीन ब्लॉकेज, पण स्टेंट एकच? अटॅकच्या वेळी आणि नंतर या चुका टाळा

कॅथलॅबच्या, म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिन्या तपासून उघडतात त्या खोलीच्या, दारात डॉक्टर सांगतात, "तीन ब्लॉकेज आहेत, आत्ता एकच उघडतोय." बाहेर थांबलेल्यांच्या मनात लगेच येतं, मग बाकीच्या दोनांचं काय? प्रश्न रास्त आहे. मोठा अटॅक आलेल्यांपैकी जवळपास निम्म्यांना एकाहून जास्त रक्तवाहिन्यांत अडथळे सापडतात. चुका होतात त्या यानंतर, आणि दोन्ही टोकांनी.

"आणलंच आहे, तर सगळं उरकून टाका"

सगळे ब्लॉकेज सारखे नसतात. अटॅक आणणाऱ्या रक्तवाहिनीतला चरबीचा थर फाटलेला असतो, त्यावर गुठळी बसून रक्त थांबतं आणि पुढचा स्नायू मिनिटागणिक मरत असतो. ती आधी उघडायची. बाकीचे अडथळे बहुधा वर्षानुवर्षांचे असतात, त्यांतून थोडंफार रक्त जातच असतं.

पेशंटचं बीपी कोसळलेलं असेल, म्हणजे कार्डिओजेनिक शॉक असेल, तर त्याच वेळी सगळं उरकण्याचा आग्रह महागात पडतो. 2017 च्या 'कल्प्रिट-शॉक' अभ्यासात सगळ्या रक्तवाहिन्या एकदम केलेल्यांपैकी 55.4 टक्के जण 30 दिवसांत दगावले किंवा त्यांची किडनी इतकी बिघडली की डायलिसिससारखे उपचार लागले. फक्त दोषी रक्तवाहिनी उघडलेल्यांत हे प्रमाण 45.9 टक्के होतं. प्रोसिजर लांबते, डाय (एक्स-रेत रक्तवाहिन्या दिसाव्यात म्हणून सोडतात ते औषध) जास्त जातो, आणि आधीच थकलेलं हृदय व किडनी दोघांनाही ते झेपत नाही.

पेशंट स्थिर असेल आणि अडथळे सोपे असतील, तर एकाच बैठकीत सगळं करणंही चालतं. तो निर्णय टेबलापाशी उभ्या असलेल्या डॉक्टरचा. दारातून "करूनच टाका" म्हणू नये.

एक स्टेंट पडला, दुखणं थांबलं, गावी गेले

आमच्या मते सगळ्यात जास्त नुकसान करणारी चूक हीच. वडिलांना पुण्यात ॲडमिट केलेलं असतं, पाचव्या दिवशी ते बरे दिसतात, मग "आता गावाकडे आराम करू दे". दुसरा टप्पा राहतो तो राहतोच.

'कम्प्लीट' या 2019 च्या अभ्यासात 4041 पेशंट होते. उरलेल्या महत्त्वाच्या ब्लॉकेजचीही प्लास्टी (फुग्याने अडथळा उघडून स्टेंट बसवणं) केलेल्यांत सुमारे तीन वर्षांत हृदयविकाराने मृत्यू किंवा पुन्हा अटॅक 7.8 टक्के, नुसत्या पहिल्या रक्तवाहिनीवर थांबलेल्यांत 10.5 टक्के. दुसरा टप्पा त्याच ॲडमिशनमध्ये झाला काय किंवा घरी जाऊन 45 दिवसांच्या आत झाला काय, फायदा दोन्हीकडे दिसला. म्हणून डिस्चार्ज कार्डावर "फॉलो-अप" एवढंच लिहून घेऊ नका. कोणती रक्तवाहिनी आणि कोणती तारीख, हे लिहून मागा. मेडिक्लेम असेल तर दुसऱ्या ॲडमिशनच्या मंजुरीचं त्याच वेळी विचारा.

नुसते टक्के वाचून घाबरणं

समजा रिपोर्टमध्ये हृदयाच्या तीन मुख्य रक्तवाहिन्यांतले अडथळे असे आहेत: एलएडी 100 टक्के, आरसीए 80, सर्कमफ्लेक्स 60. 100 म्हणजे आजचा गुन्हेगार. 80 चा अडथळा दुसऱ्या टप्प्यात साधारणपणे केला जातो. 60 वर मात्र लगेच स्टेंट नको. आत बारीक वायर घालून अडथळ्याच्या अलीकडचा-पलीकडचा दाब मोजतात, त्याला एफएफआर म्हणतात. आकडा 0.80 किंवा खाली आला तर अडथळा रक्त अडवतोय, वर असेल तर सहसा गोळ्यांवर भागतं. "साठ टक्के आहे, कशाला ठेवायचं?" या हट्टापायी नको असलेला स्टेंट पदरात पडतो.

मुख्य डाव्या रक्तवाहिनीत अडथळा असेल, किंवा मधुमेह असून तिन्ही रक्तवाहिन्या लांबवर खराब असतील, तर उरलेल्या कामासाठी बायपास अनेकदा सरस ठरते. दुसरं मत घ्यायचं ते इथे.

अटॅकच्या पहिल्या तासात

ॲसिडिटी समजून सोडा पीत बसणं जुनंच. पुण्यातली वेगळी चूक म्हणजे ओळखीच्या हॉस्पिटलसाठी अख्खं शहर ओलांडणं, तेही संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये स्वतःच्या गाडीने. 108 ला फोन करा आणि विचारा, "आत्ता कॅथलॅब चालू असलेलं जवळचं हॉस्पिटल कोणतं?" पोहोचल्यावर ईसीजी 10 मिनिटांत व्हायला हवा. निदानापासून 120 मिनिटांत प्लास्टी शक्य नसेल, तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन आधी घ्यायचं आणि लगेच कॅथलॅबच्या हॉस्पिटलकडे निघायचं.

ॲलर्जी किंवा रक्तस्राव नसेल तर ॲस्पिरिन 300 ते 325 मिलिग्रॅम चावून खायला द्या, गिळायला नको. सॉर्बिट्रेट (रक्तवाहिन्या रुंदावणारी गोळी) मात्र शेजाऱ्याच्या सांगण्यावरून जिभेखाली ठेवू नका. बीपी कमी असेल किंवा पेशंटने सिल्डेनाफिल (व्हायग्रा) घेतली असेल तर ती गोळी घात करते.

दोन टप्प्यांच्या मधल्या दिवसांत

ॲस्पिरिनसोबतची गुठळी होऊ न देणारी दुसरी गोळी, क्लोपिडोग्रेल किंवा टिकाग्रेलर, बहुतेकांना वर्षभर लागते. दात काढायचा म्हणून परस्पर बंद केली की स्टेंटमध्येच गुठळी होऊ शकते. कंबर दुखली म्हणून डायक्लोफिनॅक घेऊ नका, डायनंतरच्या किडनीला आणि हृदयाला दोघांनाही ती बाधते. दुसऱ्या टप्प्याआधी क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) करून घ्या. ते वाढलेलं असेल तर तारीख पुढे ढकलणं शहाणपणाचं.

आणि अँजिओची सीडी व स्टेंटचं स्टिकर त्याच दिवशी मागून घ्या. दुसरीकडे दाखवायला गेलात तर डॉक्टरला चलचित्र पाहायचं असतं, नुसत्या कागदावरून बऱ्याचदा सगळी अँजिओ पुन्हा करावी लागते.