इन्स्टॉलर बनवताना या चुका टाळा: समोरची डिस्क कोरी नसते

लिनक्स ही मुक्त संगणक प्रणाली बसवून देण्याच्या शिबिरांत मी मदतीला जाते. तिथे एका मुलाने स्क्रीनवरच्या यादीवर बोट ठेवून विचारलं, "ताई, यातली डी ड्राइव्ह कुठली? दादाच्या लग्नाचे फोटो आहेत तिच्यात." यादीत पाच ओळी होत्या. प्रत्येकीत एनव्हीएमईने सुरू होणारं लांबलचक नाव, पुढे आकडा, पुढे एनटीएफएस. त्याने विचारलं म्हणून फोटो वाचले. न विचारता 'पुढे' दाबणारेही असतात.

इन्स्टॉलर, म्हणजे संगणकावर प्रणाली बसवून देणारा प्रोग्राम, लिहिणाऱ्याला ही अडचण दिसतच नाही. तो आपलं काम व्हर्च्युअल मशीनमध्ये (संगणकाच्या आत चालणाऱ्या आभासी संगणकात) तपासतो आणि तिथली डिस्क कोरी असते. घरातल्या लॅपटॉपवर मात्र विंडोज असतं, रिकव्हरी पार्टिशन (विंडोज दुरुस्तीसाठी राखलेला डिस्कचा भाग) असतं, कुणीतरी कधीतरी पाडलेले दोन-तीन तुकडे असतात. मुक्त प्रणालींच्या इन्स्टॉलरमधल्या बहुतेक चुका मला या एकाच सवयीतून आलेल्या दिसतात.

डिस्क निवडण्याची स्क्रीन

सी, डी ही अक्षरं विंडोजच्या रजिस्ट्रीत (त्याच्या सेटिंग्जच्या नोंदवहीत) असतात, पार्टिशनवर लिहिलेली नसतात. त्यामुळे इन्स्टॉलरला ती सहज सांगता येत नाहीत, हे खरं. पण म्हणून नुसतं तांत्रिक नाव दाखवून मोकळं व्हायचं कारण नाही. पार्टिशनचं लेबल वाचता येतं. किती जागा भरलीय ते कळतं. आत काहीही न लिहिता ते उघडून चार-पाच फोल्डरांची नावं दाखवता येतात. 'लग्नाचे फोटो', 'टॅली बॅकअप' ही नावं दिसली की माणूस आपलं सामान ओळखतो. बिटलॉकरचं, म्हणजे डिस्कवरचा मजकूर सांकेतिक करणाऱ्या विंडोजच्या सोयीचं, कुलूप असेल तर 'कुलूपबंद, आत काय आहे ते दिसत नाही' असं सरळ लिहा. असं पार्टिशन 'रिकामं' म्हणून दाखवणं ही घोडचूक आहे.

'डिस्क पुसा' हे बटणही अर्धवट आहे. काय जाणार ते तिथेच सांगायला हवं: "५१२ जीबीच्या या डिस्कवरचं विंडोज आणि १८६ जीबीच्या फाइली कायमच्या जातील." शेवटचा होकार मिळेपर्यंत डिस्कवर काहीही लिहू नका. डेबियन या लिनक्स प्रणालीचा इन्स्टॉलर सगळे बदल आधी यादीत मांडतो, मग ते डिस्कवर लिहायचे का असं विचारतो, आणि तिथे आधीपासून निवडलेलं उत्तर 'नाही' असतं. घाईत एंटर दाबणाऱ्याचा डेटा त्या एका 'नाही'मुळे वाचतो. त्या इन्स्टॉलरमधली ही मला सर्वांत माणुसकीची जागा वाटते.

'डिस्कच दिसत नाही'

इंटेलच्या बऱ्याच लॅपटॉपवर स्टोरेज आरएसटी या इंटेलच्या खास मोडमध्ये असतं आणि यादीत आतली डिस्क येतच नाही. 'डिस्क सापडली नाही' एवढं सांगून थांबू नका. कारण सांगा आणि इशाराही द्या: बायोसमध्ये (लॅपटॉपच्या मूळ सेटिंग्जमध्ये) थेट एएचसीआय हा सर्वसाधारण मोड निवडला तर विंडोज सुरू होणं बंद होऊ शकतं. आधी विंडोजला सेफ मोडमध्ये सुरू व्हायला सांगायचं, मग बायोस बदलायचं, मग सेफ मोड काढायचा. बिटलॉकर चालू असेल तर त्याची ४८ अंकी रिकव्हरी की सुरुवातीलाच कागदावर उतरवून घ्यायची. ही माहिती क्यूआर कोडने मोबाइलवर द्या, कारण त्या वेळी लॅपटॉप इन्स्टॉलरने अडवलेला असतो.

मराठी निवडली आणि पासवर्ड चालेना

भाषा मराठी निवडली की काही इन्स्टॉलर की-बोर्डही आपसूक देवनागरी करतात. पासवर्डच्या चौकटीत तर सगळी टिंबंच. मुलगा 'किरण'चं इंग्रजी स्पेलिंग टाइप करतो. इन्स्क्रिप्ट या देवनागरी की-बोर्डमध्ये त्याच पाच बटणांवर क, ग, दीर्घ वेलांटी, ओकार आणि ल असतात. दोन्ही वेळा तीच बटणं दाबल्यामुळे पासवर्ड जुळतो. रीस्टार्टनंतर लॉगिन स्क्रीन इंग्रजी लेआउट घेऊन येते आणि तो स्वतःच्याच मशीनच्या दाराबाहेर अडकतो.

भाषा आणि की-बोर्ड वेगवेगळे विचारा. नाव आणि पासवर्डच्या चौकटीत रोमन लेआउट आणा, तो शेजारी दिसू द्या, आणि पासवर्ड पाहण्यासाठी डोळ्याचं चिन्ह ठेवा. रोमनेतर लेआउट निवडला की डेबियन दोन लेआउटांत अदलाबदल करायचं बटण आधीच ठरवून घेतो, तेही चांगलं.

अक्षरं नीट उमटतील असंही गृहीत धरू नका. लिनक्सच्या साध्या टेक्स्ट कन्सोलवर (चित्रांविना नुसत्या अक्षरांच्या स्क्रीनवर) जोडाक्षरं जुळत नाहीत. डेबियनने २००७ मध्ये ४.० आवृत्तीत ग्राफिकल इन्स्टॉलर आणला तेव्हा अशा लिप्यांची सोय झाली, आणि २००९ च्या ५.० मध्ये त्यात मराठी आली. भाषांतर करणाऱ्यांना नुसती शब्दांची फाइल पाठवू नका, स्क्रीनची चित्रंही पाठवा. 'फ्री' हा सुटा शब्द आला तर तो 'मोफत' की 'मोकळी जागा', हे चित्राशिवाय कसं कळणार?

साडेपाच तास मागे गेलेलं घड्याळ

विंडोज मदरबोर्डच्या घड्याळात स्थानिक वेळ धरतं, लिनक्स यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ. म्हणून भारतात लिनक्स वापरून विंडोजमध्ये परत गेलं की घड्याळ ५ तास ३० मिनिटं मागे दिसतं. लोकांना वाटतं सेल गेला, आणि ते दुकानात जाऊन तो बदलूनही आणतात. शेजारी विंडोज सापडलं तर इन्स्टॉलरने हे स्वतःच सांभाळायला हवं.

बूटलोडर भलत्याच डिस्कवर

लिनक्स बाहेरच्या एसएसडीवर बसवलं, पण इन्स्टॉलरने बूटलोडर, म्हणजे प्रणाली सुरू करून देणारा छोटा प्रोग्राम, आतल्या डिस्कच्या ईएफआय पार्टिशनमध्ये (बूटलोडर ठेवायच्या जागेत) टाकला. एसएसडी काढली आणि घरच्यांचा लॅपटॉप काळ्या स्क्रीनवर ग्रब या लिनक्सच्या बूटलोडरशी येऊन थांबला. विंडोज तिथेच असतं, बायोसच्या बूट यादीत विंडोज बूट मॅनेजर वर आणला की बहुधा सुरू होतं. पण हे त्या घरात कुणाला माहीत असणार? जी डिस्क निवडली तिच्यावरच बूटलोडर टाका, आणि कुठे टाकताय ते शेवटच्या यादीत लिहा.

अडलंच तर

इन्स्टॉलर बंद पडला तर 'अज्ञात त्रुटी' एवढ्यावर सोडू नका. 'लॉग (काय घडलं त्याची नोंद) जतन करा' असं बटण द्या. इन्स्टॉलरच्या पेनड्राइव्हवर बहुधा लिहिता येत नाही, म्हणून दुसरा लावायला सांगा. आणि लॉग बाहेर देण्याआधी त्यातला वायफायचा पासवर्ड काढून टाका.