ताग फुलला, आता थांबू नका

हिरवळीच्या खतासाठी जूनअखेरीस पेरलेल्या तागाचे आता 45 ते 50 दिवस भरत आलेत. शेंड्याला पिवळी फुलं दिसली की आठवड्याच्या आत तो गाडा. वेळेवर गाडलेला ताग हेक्टरी 60 ते 90 किलो नत्र देतो. "अजून हातभर वाढू दे, तेवढंच खत जास्त," म्हणत थांबलेले शेतकरी मी दरवर्षी बघतो. फुलोरा उलटला की खोडात वाख, म्हणजे चिवट धागा भरतो. असं खोड कुजवताना जिवाणू जमिनीतलंच नत्र ओढतात आणि वर लावलेला कांदा पिवळा पडून जागेवर बसतो. मग युरिया आणि टॉनिकसाठी दुकानाची वारी सुरू.

माझी पारख हाताची आहे. बुडापासून वीतभर वर खोड मोडा. सहज मोडलं तर वेळ आहे. मोडूनही लोंबत राहिलं आणि सालीची लांब दोरी निघाली, तर उद्याच गाडा. हीच दोरी रोटाव्हेटरच्या पात्यांना गुंडाळते.

पावसाची उघडीप दिसत असेल तर फुलाचीही वाट पाहू नका, चार दिवस आधी गाडा. कोरड्या मातीत ताग कुजत नाही, नुसता वाळतो.

- फळी फिरवून ताग आडवा करा
- त्याच दिशेने पलटी नांगर
- एकरी एक पोतं सिंगल सुपर फॉस्फेट
- पाऊस नसेल तर हलकं पाणी
- लागवड तीन आठवड्यांनी

कुजवण्यासाठी महागडी बाटली गळ्यात मारतील, घेऊ नका. कोवळा ताग आणि ओल असली की माती आपलं काम करते. फार तर शेणकाला शिंपडा.

बांधालगतच्या चार ओळी मात्र राखा. तागाच्या फुलावर जड काळा भुंगा बसला की त्याच्या वजनाने खालच्या पाकळ्या दबतात आणि टोकातून पराग बाहेर येतो. सकाळी पाच मिनिटं उभं राहून बघा. हेच भुंगे आणि मधमाश्या पुढे तुमच्या तुरीच्या फुलांवर येतात. या ओळींवर केसाळ अळी दिसली तर वेचून काढा, नाहीच आवरली तर संध्याकाळी 5 टक्के निंबोळी अर्क. फुलात असताना विषारी फवारा अजिबात नको. शेंगा वाळल्या की पुढच्या वर्षीचं बी घरचंच होतं. त्या शेंगा जनावरांच्या तोंडाला लागू देऊ नका, बी विषारी असतं.