कनेक्टिंग रॉडचा लहान बुश कसा बदलावा

विहिरीवरच्या एक-सिलिंडर डिझेल इंजिनाचं काम काढलं, की सगळ्यांचं लक्ष लायनर-पिस्टनकडे. कनेक्टिंग रॉडच्या वरच्या टोकातला गजनपिनचा (पिस्टन रॉडला जोडणाऱ्या पिनचा) बुश, म्हणजे ती पिन ज्यात फिरते ती ब्राँझची नळी, मात्र ‘चालेल अजून’ म्हणून राहून जातो आणि जोडणी झाल्यावर इंजिन टकटक करतं. एवढ्याशा बुशासाठी मग सगळं पुन्हा उघडावं लागतं.

आधी पिन मोजा. मायक्रोमीटरनं मधल्या भागाचं आणि दोन्ही टोकांचं माप घ्या. या मापांत फरक दिसला किंवा नखाला पायरी लागली, तर पिनही नवीच घ्या. झिजलेल्या पिनला नवा बुश बसवून पैसे वाचत नाहीत.

जुना बुश हातोड्यानं ठोकू नका, रॉड वाकतो. व्हाइसमध्ये एका बाजूला बुशापेक्षा किंचित लहान सॉकेट, दुसऱ्या बाजूला बुश आत मावेल एवढं मोठं सॉकेट आणि मध्ये रॉड धरून हँडल फिरवा. तरीही हलला नाही तर हॅकसॉचं पातं आतून घालून बुश कापा. रॉडला चर पडायच्या आत थांबा.

रॉडचं भोक पुसून, बोटानं चाचपून घ्या. बुर (धातूची उठलेली धार) असेल तर बारीक पॉलिश पेपर पुरे. नवा बुश रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा. ३० मिमी व्यासाचा ब्राँझचा बुश त्यानं जेमतेम ०.०२ मिमी आकसतो, पण सरळ सुरू व्हायला तेवढी मदत होते. रॉडवर आणि बुशावर पेन्सिलनं रेघ मारून तेलाची भोकं समोरासमोर आणा. बसवल्यावर भोकातून तार घालून खात्री करा. भोक झाकलं गेलं तर पिन कोरडीच फिरेल. चिरेचा बुश असेल तर चीर तळाला, म्हणजे रॉडच्या दांड्याकडे, येऊ देऊ नका. स्फोटाचा दाब तिथेच येतो.

आता खरं काम. दाबून बसवलेला बुश आतून आवळतो, म्हणून पिन जात नाही. बुश खराब निघाला असं समजून दुकानात परत नेऊ नका. त्याला रीमर, म्हणजे भोक आतून खरवडून नेमक्या मापाला आणणारं हत्यार, लागतो. अॅडजस्टेबल रीमर व्हाइसमध्ये उभा धरा आणि रॉड त्यावर हातानं फिरवा, नेहमी कापण्याच्याच दिशेनं. उलटं फिरवलं की धार जाते आणि बुशावर रेघा उठतात. प्रत्येक वेळी अगदी थोडं वाढवून पिन लावून बघा. ३० मिमीच्या पिनला साधारण ०.०२ ते ०.०४ मिमी फट लागते, पण तुमच्या इंजिनाच्या पुस्तिकेतला आकडा खरा मानावा. तेल लावलेली पिन अंगठ्याच्या दाबानं सरकली पाहिजे, स्वतःच्या वजनानं खाली पडता कामा नये. हात बसलेला नसेल तर हे एवढं लेथवाल्याकडून होनिंग (दगडानं आतून बारीक घासणं) करून घ्या. रॉडची सरळ रेषाही तोच तपासून देईल.

शेवटी तेलाच्या भोकातला कीस डिझेलनं धुवून, हवा मारून काढा. अॅल्युमिनिअमचा पिस्टन उकळत्या पाण्यात थोडा वेळ ठेवला तर पिन न ठोकता जाते. नंतर पुसून तेल लावा. सर्क्लिप (पिन बाहेर सरकू न देणाऱ्या स्प्रिंगच्या कड्या) नवेच वापरा.