गाडीचा जुना स्टिरिओ काढून नवीन कसा बसवायचा

सगळ्यात आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, १० नंबरचा पाना लागतो, हे टाळू नका कारण एक वायर चुकून बॉडीला टेकली तरी फ्यूज उडतो. मग स्टिरिओभोवतीची प्लास्टिकची फ्रेम काढायची, ती बहुतेक क्लिपांवर असते, स्क्रूड्रायव्हरने उचकटली तर डॅशबोर्डवर कायमचे ओरखडे पडतात म्हणून प्लास्टिकची पट्टी वापरा. आतले स्क्रू काढले की सेट बाहेर येतो, पण जोरात ओढू नका, मागे कपलर (वायरींचा प्लग) आणि अँटेनाची पिन असते. पिन धातूच्या टोकाला धरूनच काढा, वायरला धरून ओढली की आतली तार तुटते आणि मग एफएमला नुसती खरखर.

आता वायरी. आफ्टरमार्केट (बाहेरून घेतलेल्या) सेटला साधारणपणे पिवळी कायम १२ व्होल्ट, लाल चावीवरची (चावी फिरवली की करंट येणारी), काळी अर्थिंगची, म्हणजे गाडीच्या बॉडीला जाणारी. पिवळी आणि लाल उलट लागली तर गाडी बंद केली की सेटिंग आणि स्टेशनं सगळी पुसली जातात. स्पीकरच्या वायरी जोडीने असतात, काळी रेघ असलेली निगेटिव्ह. कंपनीची वायरिंग कापू नका हो प्लीज, तुमच्या मॉडेलचा कपलर बाजारात मिळतो तोच घ्या. अँटेनाला अँप्लिफायर (सिग्नल वाढवणारा भाग) असेल तर निळी वायर जोडायलाच हवी, नाहीतर स्टेशन नीट पकडत नाही.

अँटेनाची छतावरची दांडी बदलायची असेल तर बऱ्याच गाड्यांत ती हाताने उलटी फिरवली की निघते. फ्रेम दाबून बसवायच्या आधी बॅटरी जोडून चारही स्पीकर वाजवून बघा.