डॉक्टर बदलायचाय, पण धीर होत नाही?

सत्तेचाळिसाव्या वर्षी आमच्या मावशीच्या अंगावरून फार जायला लागलं. तालुक्याच्या गावी ज्या डॉक्टरांकडे तिची दोन्ही बाळंतपणं झाली, त्यांच्याकडेच ती गेली. सोनोग्राफी झाली. डॉक्टर काकांकडे बघून म्हणाले, "आता वय झालंय, पिशवी काढून टाकू. मंगळवारी सकाळी उपाशीपोटी घेऊन या." मावशी समोरच बसली होती, पण तिला कुणी काही विचारलं नाही. दोन दिवस ती गप्पच होती. तिसऱ्या दिवशी मला फोन करून म्हणाली, "मला नाही गं बरं वाटत त्यांच्याकडे. पण इतक्या वर्षांचे डॉक्टर, त्यांना काय वाटेल?"

आपल्याकडचे बहुतेक लोक याच प्रश्नापाशी अडतात. एखाद्याच्या हाताला गुण आहे असं मनात बसलं की त्याला सोडणं म्हणजे उपकार विसरल्यासारखं वाटतं. पण जरा आठवून बघा. पहिलटकरीण सातव्या महिन्यात माहेरी जाते, तेव्हा ती डॉक्टर बदलतेच की. सासरची फाईल पिशवीत टाकायची, माहेरच्या दवाखान्यात नाव नोंदवायचं, झालं. कुणाला राग येत नाही, कुणी माफी मागत नाही. म्हणजे डॉक्टर कसा बदलायचा हे आपल्याला पिढ्यान् पिढ्या माहीत आहे, फक्त आजारपणात ते आठवत नाही.

नेमकं काय खुपतंय ते आधी ठरवा

कागदावर एक ओळ लिहा: "मला तिथे जायला नको वाटतं, कारण…" ती ओळ पूर्ण झाली की पुढचा रस्ता दिसतो.

डॉक्टर घाईत असतात, बोलणं तोडतात, एवढंच असेल तर एकदा सांगून बघायला हरकत नाही. "डॉक्टर, मला दोन मिनिटं सगळं सांगू द्या, मग तपासा." कित्येकदा तेवढ्यावर भागतं. पुरुष डॉक्टरांकडून तपासून घ्यायला संकोच वाटत असेल, तर तपासताना सोबत बाई असावी असं स्पष्ट म्हणा. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ मध्ये तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत हे आहे, त्यामुळे नर्सला आत बोलवा म्हणायला लाजू नका. निदान पटत नसेल किंवा ऑपरेशनची भीती वाटत असेल, तर सेकंड ओपिनियन घ्या. तो हक्कही त्याच सनदेत आहे.

नको तिथे हात लावणं, गरज नसताना कपडे काढायला लावणं, घाणेरडं बोलणं ही गोष्ट मात्र वेगळी. तो गुन्हा आहे, नुसता डॉक्टर बदलून तो मिटत नाही. ताबडतोब बाहेर पडा, विश्वासातल्या माणसाला सांगा, १८१ या महिला हेल्पलाइनवर किंवा ११२ वर फोन करा. पोलिसांकडे तक्रार करता येतेच, शिवाय महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडेही करता येते.

आणि कारण सापडलंच नाही, नुसतंच मन घेत नसेल तर? तरी चालेल. "मन घेत नाही" हे पुरेसं कारण आहे. पेशंट मनातलं बोलत नसेल तर कितीही हुशार डॉक्टर अर्ध्या माहितीवर औषध देणार.

घाई किती आहे ते विचारा

मावशीने मंगळवारच्या आधी फोन करून एवढंच विचारलं: "हे पंधरा दिवस थांबलं तर चालेल का?" उत्तर आलं, "चालेल, पण फार लांबवू नका." तेवढ्या एका वाक्याने घरातलं वातावरण बदललं. छातीत दुखणं, लकवा, थांबत नसलेला रक्तस्राव, अपघात, अडलेली बाळंतीण अशा वेळी डॉक्टर निवडत बसायचं नसतं, जवळ जे असेल तिथे जायचं. पण ठरवून करायच्या ऑपरेशनला आठ-पंधरा दिवस बहुधा मिळतात. ते मिळत असतील तर वापरा.

फाईल हातात घ्या

सगळ्यात जास्त लोक चुकतात ते इथे. रागारागात नुसतं निघून येतात आणि नव्या डॉक्टरकडे गेल्यावर "ती पांढरी गोळी, सकाळची" असं सांगत बसतात.

बाहेरच्या लॅबचे रिपोर्ट तुमच्याकडे असतातच. दवाखान्यात ॲडमिट झाला असाल तर तिथे आत लिहिलेले केसपेपर वेगळे असतात, आणि ते मागावे लागतात. डिस्चार्ज कार्डवर ऑपरेशनचं फक्त नाव असतं. आत काय सापडलं, काय काढलं, काय बसवलं हे ऑपरेशन नोट्समध्ये असतं. तीही मागा. स्टेंट किंवा गुडघ्याचा सांधा बसवला असेल तर त्याचं कार्ड किंवा स्टिकर.

भारतीय वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार ॲडमिट पेशंटची कागदपत्रं डॉक्टरांनी तीन वर्षं ठेवायची असतात, आणि पेशंटने मागितल्यावर ७२ तासांच्या आत द्यायची असतात. महाराष्ट्रात नर्सिंग होमच्या नियमांत २०२१ मध्ये दुरुस्ती झाली, तेव्हापासून रुग्णहक्कांची सनद दवाखान्यात दिसेल अशी लावणं बंधनकारक आहे. कधीकधी ती पाण्याच्या कूलरच्या मागे असते, पण असते.

मागताना वकिली भाषा नको. रिसेप्शनवर जाऊन म्हणा, "ऑपरेशन म्हटल्यावर घरचे जरा घाबरलेत. एकदा दुसरीकडे दाखवून घेतो. फाईलची झेरॉक्स मिळेल का?" बऱ्याच ठिकाणी काम होतं. मावशीच्या वेळी रिसेप्शनवरच्या मुलीने "डॉक्टर नाहीत, उद्या या" असं तीनदा केलं. चौथ्या दिवशी मावशीने वहीच्या पानावर चार ओळींचा अर्ज लिहिला: नाव, तपासणीची तारीख, कोणते कागद हवेत आणि "७२ तासांत मिळावेत". दोन प्रती केल्या आणि एका प्रतीवर पोच मागितली. मुलीने आतल्या खोलीत फोन लावला. चहा येईपर्यंत फाईल आली, झेरॉक्सचे ४० रुपये घेतले.

सगळ्याच तपासण्या सारख्या नसतात हेही लक्षात ठेवा. सीटी किंवा एमआरआयची सीडी दुसरा डॉक्टर पुन्हा उघडून पाहू शकतो, म्हणून नुसत्या रिपोर्टवर समाधान मानू नका, सीडी मागा. सोनोग्राफीचं तसं नाही. ती करणाऱ्याने त्या वेळी जे पाहिलं तेच खरं, छापलेल्या चार चित्रांवरून फारसं कळत नाही. त्यामुळे नवे डॉक्टर सोनोग्राफी परत करायला सांगतील तर लगेच "पैसे उकळतात" म्हणू नका. बायोप्सी झाली असेल तर लॅबकडे काचेच्या स्लाइड आणि मेणाचे ब्लॉक असतात. कॅन्सरसाठी परळच्या टाटा हॉस्पिटलला दाखवायला जाणार असाल तर हे दोन्ही सोबत न्या, तिथले डॉक्टर ते स्वतः तपासतात. नुसता टाइप केलेला रिपोर्ट घेऊन गेलात तर हेलपाटा पडायची शक्यता जास्त.

चालू औषधं मधेच सोडू नका

जुन्या डॉक्टरवरचा राग गोळ्यांवर काढू नका. फिट्स, बीपी, शुगर, मानसिक आजार, स्टिरॉइड आणि स्टेंटनंतरची रक्त पातळ करणारी गोळी, ही औषधं एकदम बंद केली तर जिवावर बेतू शकतं. नवी भेट होईपर्यंत पुरतील एवढ्या गोळ्या घरात आहेत का ते मोजा. टीबीचे उपचार चालू असतील तर सरकारी 'निक्षय' नोंदणीमुळे तुमची नोंद दुसऱ्या केंद्राकडे वर्ग करता येते. निक्षय आयडी लिहून ठेवा आणि एक दिवसही खंड पडू देऊ नका.

दुसरा डॉक्टर शोधताना

पहिल्याच डॉक्टरने सुचवलेल्या माणसाकडे सेकंड ओपिनियन घेऊ नका. तो वाईट असेलच असं नाही, पण कट प्रॅक्टिस, म्हणजे पेशंट पाठवल्याबद्दल कमिशन, हा शब्द मराठीत रुळला आहे तो उगीच नाही. शक्यतो दुसऱ्या हॉस्पिटलातला, जमल्यास दुसऱ्या गावातला डॉक्टर बघा. आमच्याकडे त्याला "मिरजेला दाखवून येऊ" म्हणतात, विदर्भातले लोक नागपूर म्हणतील. सिव्हिल हॉस्पिटल किंवा मेडिकल कॉलेजला जाणार असाल तर आधी तिथले ओपीडीचे वार विचारून घ्या. तिथे युनिटनुसार वार ठरलेले असतात, आणि चुकीच्या वारी गेलात तर केसपेपर काढूनही अर्धा दिवस बाकावर जातो.

पाटीवरची अक्षरं वाचा. एमबीबीएस, एमडी, एमएस यांची नोंदणी महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे असते, बीएएमएस (आयुर्वेद) आणि बीएचएमएस (होमिओपॅथी) यांच्या परिषदा वेगळ्या. नोंदणी क्रमांक चिठ्ठीवर छापलेला असायला हवा.

आणि एक माणूस जरूर विचारा: त्याच आजारातून गेलेली कुणी ओळखीची बाई किंवा पुरुष. गूगलवरचे तारे बघण्यापेक्षा हे चांगलं. "डॉक्टर कसे आहेत?" असं मोघम विचारू नका. "तुझं बोलणं ऐकून घेतलं का? किती वेळ दिला?" असं विचारा.

नव्या डॉक्टरपुढे

आधीच्या डॉक्टरांची उणीदुणी काढत बसू नका, त्यात पाच मिनिटं जातात आणि मिळतात एकूण दहा. एका पानावर तारखांनुसार लिहून न्या: त्रास कधी सुरू झाला, कोणती तपासणी कधी, कोणती औषधं, कशाची ॲलर्जी. गोळ्यांची नावं पाठ करू नका, रिकाम्या स्ट्रिप्स न्या.

माझं स्वतःचं मत असं की फाईल लगेच पुढे ढकलू नये. आधी म्हणावं, "माझं ऐकून घ्या, तपासा, मग कागद दाखवते." पहिलं निदान वाचलं की दुसऱ्याच्याही डोक्यात तेच घोळतं. पण लपवू मात्र काहीच नका.

मावशीला आम्ही मिरजेला दाखवलं. तिथल्या डॉक्टर बाईंनी मावशीलाच समोर बसवलं, काकांना बाहेरच्या बाकावर. गाठ होती, पण लहान. आतल्या अस्तराचा तुकडा तपासायला पाठवला, तो साधा निघाला. मग गोळ्या सुरू झाल्या, आणि पिशवी राहिली. प्रत्येकीचं असंच होईल असं नाही, काही बायकांना ऑपरेशन खरंच लागतं. पण २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांचं सर्वेक्षण झालं, तेव्हा ८२,३०९ जणींपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. तो आकडा वाचल्यापासून "पिशवी काढून टाकू" ऐकलं की मी दुसरीकडे दाखवायलाच सांगते.

दोन डॉक्टरांची मतं उलटसुलट निघाली तर दोघांना एकच प्रश्न विचारा: "काहीच केलं नाही तर सहा महिन्यांत काय होईल?" खरा फरक तिथे कळतो. तिसऱ्याकडे जायची वेळ आली तर जा, पण पाचव्या-सहाव्याकडे जाल तर आपण निदान शोधतोय की हवं ते उत्तर, हे स्वतःला विचारा.

संमतीपत्रावरची सही शेवटी करा आणि वाचून करा. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये स्पष्ट केलं आहे की तपासणीपुरती दिलेली संमती गर्भाशय काढण्यासाठी वापरता येत नाही. त्या खटल्यात मुलगी भुलीखाली असताना बाहेर बसलेल्या आईची संमती घेतली होती, तीही न्यायालयाने ग्राह्य धरली नाही. बाई सज्ञान असेल तर सही तिचीच.

ॲडमिट असताना बदलायचं असेल तर

इथे घाई महागात पडते. आधी नव्या हॉस्पिटलला फोन करून बेड आणि डॉक्टर पक्के करा, मगच इथून हला. पेशंट नेण्याजोगा आहे का ते दोन्हीकडच्या डॉक्टरांना विचारा. कॅशलेस विमा असेल तर विम्याच्या डेस्कला सांगा, कारण मंजुरी त्या हॉस्पिटलपुरती असते आणि नव्या ठिकाणी ती पुन्हा घ्यावी लागते. सरकारच्या महात्मा फुले योजनेत असाल तर आरोग्यमित्राला, म्हणजे हॉस्पिटलात बसणाऱ्या योजनेच्या माणसाला, गाठा. "स्वतःच्या जबाबदारीवर नेत आहोत" अशी सही मागतील, ती द्यावी लागते, पण त्यासोबत डिस्चार्जचे कागदही घ्या. बिलावरून वाद असला तरी पेशंटला अडकवून ठेवता येत नाही, हेही रुग्णहक्कांच्या त्या सनदेत आहे.

आणि जुने डॉक्टर?

काही कळवायची सक्ती नाही. गाव लहान असेल, लग्नकार्यात गाठ पडणार असेल तर आपणहून एक वाक्य बोलून टाकलेलं बरं: "सध्या मिरजेला दाखवतोय." पुढचं स्पष्टीकरण द्यायची गरज नाही.

मावशीला ते डॉक्टर गणपतीत एका घरी आरतीला भेटले. त्यांनीच विचारलं, "काय झालं मग त्याचं?" मावशीने सांगितलं. ते म्हणाले, "बरं झालं, गोळ्यांवर भागलं." आणि मोदकाची ताटली पुढे केली.