बकऱ्या आणण्याआधी आवार तयार करताना या चुका टाळा

दर उन्हाळ्यात माणसं एकच प्रश्न घेऊन येतात. "भाऊ, मिरगाआधी वीस बकऱ्या आणायच्या आहेत, कोणती जात घेऊ?" मी विचारतो, जागा कुठं काढली? "ते होईल ना, सांदवाडी, म्हणजे घरामागची मोकळी जागा, रिकामीच आहे." तिथंच माझा जीव खालीवर होतो. आमच्या नागपूर जिल्ह्यात उमरेड, कुही, काटोल, हिंगणा, कुठंही जा, मेलेल्या बकरीमागची कारणं बहुतेक तीच निघतात आणि बकरी दारात यायच्या आधीच ती आवारात असतात.

पहिली चूक म्हणजे काळ्या मातीवर तसाच गोठा उभा करणं. मे महिन्यात आपली माती दगडासारखी लागते आणि माणूस फसतो. माझ्या चुलतभावानं ऐन नवतप्यात, मे अखेरच्या सगळ्यात कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, शेड बांधलं. नवे टिन, लोखंडी खांब, सगळा पैसा दिसणाऱ्या गोष्टींवर गेला. खाली बोटभर मुरूम पसरवला. मी म्हटलं, दादा, आधी माती काढ. तो म्हणाला, "काऊन? जमीन तर टणक आहे."

जुलैत चार दिवस झड लागली. काळी माती पाणी धरते आणि फुगते. तिनं तो मुरूम गिळून टाकला. मूत मुरायला जागा राहिली नाही आणि आठवडाभरात गोठ्यात घोट्याएवढा चिखल झाला. बकरी ओल्यात बसत नाही. त्या रात्र-रात्र उभ्या राहिल्या, थकल्या, खुरांच्या बेचक्या सडल्या, लंगडायला लागल्या. पिल्लांना निमोनिया झाला. सहा पिल्लं गेली, दोन गाभण बकऱ्या गाभडल्या. शेवटी वहिनींनी पडवी रिकामी करून दिली, बकऱ्या तिथं बांधल्या आणि भर श्रावणात आम्ही शेडातली माती उपसली. जे काम उन्हाळ्यात दोन दिवसांत झालं असतं, त्याला पावसात पंधरा दिवस लागले. मेलेली पिल्लं काही परत आली नाहीत.

मी कुणाच्याही जागेवर गेलो की आधी हातभर खोल खड्डा करतो आणि त्यात बादलीभर पाणी ओततो. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी दिसलं तर तिथं दीड-दोन फूट माती काढायची. मुरूम एकदम ओतायचा नाही, थराथरानं टाकून, पाणी मारून धुमसायचा. जमिनीपासून किमान एक फूट उंच ओटा घ्यायचा, उतार बाहेरच्या नालीकडे ठेवायचा. जमलं तर तो ओटा एक पावसाळा रिकामाच ठेवून बसू द्यावा. हे शेवटचं कुणी ऐकत नाही, सगळ्यांना बकऱ्या उद्याच हव्या असतात. सिमेंटचा कोबा मला पटत नाही. मूत वरच राहतं, म्हणून रोज धुवावं लागतं, आणि धुतलं की पुन्हा ओल. डिसेंबरात पिल्लांच्या पोटाला गारठा लागतो तो वेगळाच. आठवड्यातून एकदा मी कोरडा चुना भुरभुरतो. रोज सकाळी बकरीच्या नाकाच्या उंचीला वाकून श्वास घेतो. मुताच्या वाफेनं डोळे चुरचुरले की समजायचं, गोठा साफ करायला उशीर झाला.

मोठ्या बकरीला छताखाली 10 ते 12 चौरस फूट जागा लागते आणि तेवढ्याच्या दुप्पट मोकळं आवार. वीस बकऱ्या आणायच्या असतील तर आधी टेप घेऊन सांदवाडी मोजा.

दुसरी चूक अंगणातली आहे, ती कुणाला चूक वाटतच नाही. महादेवाला वाहायला घराघरात कण्हेर असते, आमच्याकडेही होती, आईनं लावलेली. चार वर्षं बकऱ्या तिच्याजवळून गेल्या, पण कडू म्हणून तोंड लावलं नाही. मला वाटलं, जनावराला कळतं. पोळ्याच्या आधी सफाई केली, फांद्या छाटल्या आणि ढीग कुंपणाशी टाकून दिला. पानं सुकली की कडवटपणा कमी होतो, विष मात्र तसंच राहतं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी एक बकरी खाणं सोडून कोपऱ्यात उभी दिसली. पोट तट्ट, दात करकरा वाजवत होती. डॉक्टर येईपर्यंत दुसरी आडवी झाली. त्यांनी छातीला नळी लावली आणि म्हणाले, ठोके चुकताहेत, काय खाल्लं? मी त्या ढिगाकडे बोट दाखवलं. दोन गेल्या, तिसरी वाचली. सकाळी आईनंच कुदळ आणून माझ्या हातात दिली.

कण्हेरीचं पान, फूल, साल, मूळ, सगळंच विषारी असतं आणि थोडीशी पानंही बकरीला पुरेशी होतात. पिवळ्या फुलांची बिट्टीही तशीच. म्हणून बकऱ्या आणण्याआधी एकदा आवाराला फेरी मारा. या झाडांच्या फांद्या छाटून भागत नाही, ती मुळासकट काढा आणि काढलेलं आवाराबाहेर खोल पुरा. धुऱ्यावरची, म्हणजे शेताच्या बांधावरची घाणेरी, नाल्याकाठची बेशरम, घरामागचा एरंडही पाहून घ्या. बेशरमची चटक लागलेली बकरी पुन्हा तिकडंच जाते. ज्वारी कापल्यावर फुटलेले कोवळे फुटवेही खाऊ देऊ नका, त्यानं किरळ लागते, म्हणजे कोवळ्या ज्वारीतलं विष भिनतं, आणि जनावर तासाभरात जातं. शेजारच्या वावरात कपाशीवर फवारणी कधी आहे हे विचारायला लाजू नका.

आता बाकीचं थोडक्यात.

शेडची लांबी पूर्व-पश्चिम ठेवा. टिन 45 अंशांच्या उन्हात भट्टी होतो. वर तुराट्यांचा जाड थर तारेनं घट्ट बांधला तर खालच्या हवेत मोठा फरक पडतो, फक्त चूल किंवा शेकोटी जवळ असू नये.

काटेरी तार बकरीला अडवत नाही, ती कास मात्र फाडते. साडेचार-पाच फूट उंच जाळी घ्या आणि खालची कड जमिनीत गाडा. बकरी बाहेर जाण्यापेक्षा कुत्री आत येणं जास्त महागात पडतं. उमरेड-कऱ्हांडला किंवा पेंचच्या वाघ-बिबट्याच्या जंगलाच्या बाजूला राहत असाल तर रात्री चारही बाजूंनी आणि वरूनही बंद गोठा हवाच.

चाऱ्याचं झाड आज लावलं म्हणून उद्या पाला मिळत नाही. सुबाभूळ, शेवरी, हादगा एक पावसाळा आधी धुऱ्यावर लावा. नुसतं सुबाभूळ घालू नका, एकूण खाण्याच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त नको. तूर आणि हरभऱ्याचं कुटार (भुसा) हंगामात भरून ठेवा, मेमध्ये त्याला सोन्याचा भाव येतो. लग्नघरचा उरलेला भात, पोळ्या बकऱ्यांपुढं टोपल्यानं ओतणाऱ्यांना मी हात जोडतो. धान्यानं पोटात आम्ल होतं आणि जनावर तडफडून मरतं.

जातीचं विचारता म्हणून सांगतो. आपली बेरारी इथल्या उन्हात आणि काट्याकुट्यात वाढलेली आहे. दूरच्या राज्यातली दिसायला देखणी, लांब कानांची बकरी पहिल्याच वर्षी आणायचा हट्ट मला कळत नाही.

बाजारातून आणलेली बकरी थेट कळपात सोडू नका. आवाराच्या दुसऱ्या टोकाला, वारा कळपाकडून तिकडं वाहील अशा बाजूला, एक छोटं खोपटं आधीच बांधून ठेवा आणि 21 दिवस तिला तिथंच ठेवा. तिची बादली, दावं वेगळं असू द्या आणि तिचं चारापाणी सगळ्यात शेवटी करा. त्या काळात जंतनाशक द्या आणि पीपीआर (बकऱ्यांचा प्लेग) व आंत्रविषार (आतड्यातल्या जंतूंच्या विषानं होणारा रोग) यांच्या लसीचं डॉक्टरांना विचारून घ्या. आंत्रविषाराची लस पावसाळा लागायच्या आधी टोचलेली हवी. हे खोपटं बांधायला माझ्याकडे चार बांबू, जुनं टिन आणि एक दुपार लागली होती. आजही नवीन बकरी आली की आधी तिथंच जाते, मग ती सख्ख्या भावाच्या घरून आलेली असली तरी.