कोकणातलं गोल्फचं मैदान सांभाळताना या चुका टाळा

जुलैत ग्रीन, म्हणजे गोल्फच्या भोकाभोवतीची बारीक कापलेली हिरवळ, पिवळं पडलं की पहिली धाव बुरशीनाशकाकडे जाते. बुरशी असतेही, पण तिच्या आधी मुळाशी पाणी तुंबलेलं असतं. रत्नागिरीच्या पट्ट्यात वर्षाला 3000 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, तोही जवळजवळ सगळा चार महिन्यांत. सड्यावर, म्हणजे कोकणातल्या कातळी पठारावर, तर खाली कातळ आणि वर जेमतेम वीतभर माती. तिथे पाणी मुरायची वाट बघून भागत नाही, ते वाट काढून बाहेर घालवावं लागतं.

म्हणून औषधाआधी सुरी घ्या. ग्रीनच्या कडेला पाच-सहा इंच खोल तुकडा कापून वर काढा. पांढरी, ताठ मुळं खालपर्यंत गेलेली असतील तर रोगाचा विचार करा. वाळूत काळा थर दिसला आणि नासक्या अंड्यांचा वास आला, तर मुळांना हवाच मिळत नाहीये. तिथे फवारणीचा उपयोग नाही. शास्त्रशुद्ध बांधलेल्या ग्रीनखाली सुमारे 30 सेंटिमीटर निवडक वाळू, तिच्याखाली 10 सेंटिमीटर खडी आणि खडीखाली निचऱ्याचे पाइप असतात. या पाइपांची तोंडं गाळानं बुजतात आणि मे महिन्यात ती उघडून बघायची राहून जातात. एका टोकानं पाणी सोडा, दुसऱ्या टोकाला धार येते का पाहा. हे काम वळवाच्या सरींआधी झालंच पाहिजे.

भर पावसात युरिया टाकू नका. त्यातलं 46 टक्के नत्र बरंचसं वाहून खाडीत जातं. जे उरतं त्यानं ढगाळ हवेत गवत लुसलुशीत वाढतं आणि बुरशीला आयतंच सापडतं. या दिवसांत कापणीची उंचीही थोडी वाढवा. ऊन कमी असताना पात्यालाच जास्त काम करावं लागतं.

मैदानाला भोकं पाडून हवा द्यायचं काम पाऊस ओसरल्यावर, माती वाफशावर आली की करा. चिखलात यंत्र फिरवलं तर भोकांच्या भिंती लिंपल्या जातात. वर पसरायला किनाऱ्यावरची वाळू तर अजिबात नको, तिच्यात मीठ असतं.

उन्हाळ्यात चूक उलट होते. एप्रिल-मेमध्ये खाडीकाठच्या विहिरी मचूळ होतात आणि तेच पाणी रोज थोडं थोडं शिंपडलं जातं. मीठ वरच्या थरात साठतं, पात्यांची टोकं करपतात, आणि पाणी कमी पडतंय असं समजून शिंपण आणखी वाढतं. त्यापेक्षा पाण्याची क्षारता तपासा आणि अंतरानं पण भरपूर पाणी द्या, म्हणजे मीठ मुळांखाली उतरेल. सोडियम जास्त निघाला तर जिप्सम द्या. जांभ्याच्या मातीचा आम्लपणा मात्र जिप्समनं जात नाही, त्याला चुनाच लागतो. माती न तपासता दोन्ही टाकणं मला साफ नामंजूर आहे. नवीन ग्रीन घालणार असाल तर खारं पाणी सोसणारं पास्पालम गवत हरळीपेक्षा बरं.

पावसानंतर हिरवळ चटईसारखी उचलून हातात आली तर खाली हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी, शोधा. तिचे भुंगेरे पहिल्या पावसाबरोबर संध्याकाळी बाहेर पडतात. प्रकाश सापळे तेव्हाच लावायचे असतात.

आणि लव्हाळा उपटत बसू नका. गाठी जमिनीतच राहतात आणि पुन्हा फुटतात. ग्लायफोसेट हे तणनाशक मारलं तर हरळीही जाते. नीट रुजलेल्या हरळीत हॅलोसल्फ्युरॉन हे दुसरं तणनाशक चालतं, पण लेबलवरच्या मात्रेतच, आणि गाठींतून नवे कोंब येतात म्हणून काही आठवड्यांनी पुन्हा पाहणी करावी लागते.